सोजराबाईची ओली मेथी

"बाई, तुमचं शिक्षण किती?" असं कोणी सोजराबाईला विचारलं की ती सांगायची, "दोन उन्हाळे." विचारणारा गोंधळला की त्याला थेट विहिरीवर न्यायची. मेहकरपासून दीड कोसावर, नाल्याकाठच्या तिच्या दीड एकराच्या तुकड्यात ती विहीर होती, आणि ती खणायला तिला अन् तिच्या नवऱ्याला, पुंजाजीला, बरोबर दोन उन्हाळे लागले होते. तो खाली पहारीनं मुरूम फोडायचा, ही काठावरून दोरानं टोपली ओढायची. तळहाताची सालं निघाली, परत आली, परत निघाली. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "पुंजाजी, पाताळात पाव्हना जाऊन राह्यला का बे?" पुंजाजी खालून हसायचा. सोजराबाई हसायची नाही. टिंगल करणाऱ्यांची नावं ती मनात टिपून ठेवायची. पाणी लागलं त्या दिवशी तिनं त्या सगळ्यांना बोलावलं आणि एकेकापुढे पाण्याचा तांब्या धरला. दोघा-तिघांनी घेतला. बाकीच्यांना एकदम घरची कामं आठवली.

कामं आठवायचं कारण उघड होतं. सोजराबाईचं घर जुन्या महारवाड्यातलं. छप्पन साली नवरा-बायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, घरातले देव नाल्यात सोडून आले होते, आणि आता त्या आळीला बौद्धवाडा म्हणायचं हे गावानंही शिकून घेतलं होतं. पण जिभेनं शिकलेलं घशाखाली उतरायला वेळ लागतो. जन्मभर सोजराबाई दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ धरून उभी राहिली होती. कोणी वरून ओतलं तर प्यायची, नाही तर उभीच. म्हणून स्वतःच्या विहिरीचं पहिलं पाणी ती प्यायलीच नाही. तिनं आख्खी घागर डोक्यावर उपडी केली आणि लुगड्यानिशी भिजून घरी आली.

त्या पाण्यावर तिनं भाजी लावली. मेथी, पालक, आंबट चुका, सांबार. कोथिंबिरीला तिकडे सांबारच म्हणतात. मेथी तर अशी यायची की कापताना हाताला वास राहायचा तो दुसऱ्या दिवशीच्या भाकरीपर्यंत पुरायचा. जुडी ती अंबाडीच्या सुतळीनं बांधायची. डावखुरी असल्यामुळे तिची गाठ उलटी पडायची. दुसऱ्या कोणाला ती सोडवायची म्हणजे नख मोडायची वेळ.

पण ही मेथी विकायची अंबूबाई. अंबूबाई गावातल्या माळ्यांची, जाडजूड, तोंडाची फटकळ, पण हिशेबाला सरळ. बुधवारी सकाळी ती शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, यायची. सोजराबाईनं टोपलं धुऱ्यावर ठेवायचं आणि चार पावलं मागं सरायचं. मग अंबूबाई आपल्या तांब्यातलं पाणी त्या जुड्यांवर शिंपडायची आणि मगच त्यांना हात लावायची. हे झालं विटाळ काढायला. बाजारात बसल्यावर परत एकदा शिंपडायची, भाजी टवटवीत दिसायला. महिनाभर वाफ्यात सोजराबाईनंच त्या मेथीला पाणी पाजलं होतं, ते सगळं पाणी मेथीच्या पोटात होतं, त्या विटाळाचं काय व्हायचं ते अंबूबाईलाच ठाऊक. दोन वर्षं असं चाललं. सोजराबाईलाही त्याचं फार वाटायचं नाही. सवय झाली की माणसाला काट्याचंही अंथरूण चालतं.

चौसष्ट सालच्या शिमग्यात मात्र ती सवय मोडली.

पुंजाजीचे डोळे आले होते म्हणून सोजराबाई औषध आणायला मेहकरला निघाली. दवाखाना जानेफळ रस्त्याच्या नव्या वस्तीत. महाराष्ट्र झाल्यापासून तालुक्याला कचेऱ्या वाढल्या होत्या, आणि कारकून, मास्तर, कंपाउंडर, ओव्हरसियर अशा मंडळींनी गावाबाहेर त्या माळावर घरं बांधली होती. काही दगडी, काही नुसत्या टिनाच्या. जुन्या गावातला आठवडी बाजार तिथून लांब पडायचा, म्हणून बुधवारी दुपारी वस्तीतल्या कडुलिंबांच्या रांगेखाली दहा-बारा टोपली बसायला लागली होती. सोजराबाईनं हा बाजार कधी पाहिला नव्हता. तिची भाजी मात्र दोन वर्षं न चुकता तिथं जात होती.

नेमका बुधवार होता. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ती बघत होती. अंबूबाईपुढे एक बाई वाकून जुडी उलटीसुलटी करून पाहत होत्या. त्या अन्नपूर्णाबाई, तहसील कचेरीतल्या हेडक्लार्कांच्या घरच्या. भाजी हुंगल्याशिवाय घेत नसत आणि हुंगल्यावरही घेतीलच असं नसे.

"कुठली हो ही?" त्यांनी विचारलं.

"माह्या मळ्यातली, बाई. घरची हाय, माह्या हातची," अंबूबाई म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंनी जुडी नाकाशी नेली, मान डोलावली आणि दोन जुड्या पिशवीत टाकल्या. त्या वळल्या तेव्हा पिशवीच्या तोंडाशी सुतळीची उलटी गाठ सोजराबाईला स्पष्ट दिसली.

अंबूबाई मेथी किती पैशाला विकते याचं तिला काही नव्हतं. "माह्या हातची" हे दोन शब्द मात्र तिच्या छातीत बसले. कंबर हिची मोडते, तळहात हिचे फाटतात, आणि हात कोणाचा, तर अंबूबाईचा. ती तशीच मागं फिरली. औषध आणायचं साफ विसरली.

"आनलं का औषध?" पुंजाजीनं एका डोळ्यानं बघत विचारलं.

"राह्यलं."

"मंग एवढी रपेट कायले केली?"

"बाजार पाहाले गेली होती. येत्या बुधवारी मी बसनार हाय तिथी."

पुंजाजीनं दुसराही डोळा उघडायचा प्रयत्न केला. "कोन घेईन तुही भाजी?"

"घेतच होते दोन वर्सापासून. फक्त त्याइले ठाव नव्हतं."

अशी ही बाई. एकदा बोलली की विहीर खणून संपल्याशिवाय वर यायची नाही, हे पुंजाजीला लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्यानं डोळ्यावर ओलं फडकं टाकलं.

बुधवारी सकाळी अंबूबाई धुऱ्यावर आली तर टोपलं नाही. सोजराबाई वाफ्यात उभी राहून म्हणाली, "मावशी, आजपासून माही भाजी मीच नेतो बाजारात."  अंबूबाईनं तांब्यातलं पाणी धुऱ्यावर ओतून टाकलं आणि निघून गेली.

नव्या वस्तीतल्या बाजारात जागा वाटायचं काम उकंडराव करायचा. त्याला कोणी नेमलं नव्हतं. कडुलिंबाशेजारी त्याचं चहाचं दुकान होतं आणि बाजार आपल्या अंगणात भरतो अशी त्याची समजूत होती. सोजराबाई कोणाची कोण हे त्यानं टोपलं खाली ठेवायच्या आतच ओळखलं.

"बस," तो म्हणाला, "कायदा हाय, मी नाही म्हनत नाही. रांगेच्या शेवटाले बस. पन एक ध्यानात ठेव. कांदे इक, मिरच्या इक, लसून इक, काही हरकत नाही. भाजीवर पानी मारू नको. सुकं चालते, ओलं चालनार नाही. लोकाईच्या मनाचं पाहा लागते ना."

हा नियम मेहकरचा नव्हता आणि कायद्यातला तर नव्हताच, पण साऱ्या मुलखाला पाठ होता. हिच्या हातचं धान्य चालतं, कांदा चालतो, लाकूडफाटा चालतो. पाणी लागलं की सगळं बिघडतं. सोजराबाईनं पहिल्या बुधवारी तो पाळला. बसायला तर मिळालं, असं तिच्या मनात आलं. तिला जागा मिळाली होती शेवटच्या कडुलिंबाच्याही पलीकडे, जिथं सावली संपायची. फाल्गुनातलं ऊन. चार वाजेपर्यंत मेथीनं माना टाकल्या, पाच वाजता तिची चिंधी झाली. कांदे आणि मिरच्या मात्र खपल्या. अन्नपूर्णाबाईंनीही शेरभर कांदे नेले. बाजूला मरून पडलेल्या मेथीकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्हाला भाजी ठेवायची कशी ते कळत नाही वाटतं."

ते वाक्य ऐकलं आणि सोजराबाईचं ठरलं.

दुसऱ्या बुधवारी डोक्यावर टोपलं आणि कमरेवर घागर घेऊन ती दीड कोस चालत आली. घागर तिच्याच विहिरीची. वस्तीतल्या विहिरीला हात लावायचा प्रश्नच तिनं ठेवला नव्हता. भाजी मांडली, कडुलिंबाची एक डहाळी मोडली, घागरीत बुडवली आणि सगळ्यांच्या देखत मेथीवर झाडली. थेंब उडाले. शेजारची बाई चटका बसल्यासारखी उठली आणि आपलं टोपलं दोन हात पलीकडे ओढून बसली. मग तिच्या शेजारची सरकली, मग तिच्या पलीकडची. बघता बघता आख्खी रांग दोन हात सरकली. सोजराबाई आणि बाजार यांच्यात एक गल्ली पडली.

"तुले सांगतलं होतं ना व मी," उकंडराव दुकानातून म्हणाला.

"सांगतलं होतं, दादा. पन मेथी पान्याबिगर जगत नाही. तुमचा चहा जगते का?"

दोन-चार जण हसले. उकंडराव हसला नाही. मेथीची एक जुडीही गेली नाही. अन्नपूर्णाबाई आल्या, गल्लीच्या अलीकडे थांबल्या आणि म्हणाल्या, "कांदे तेवढे द्या. पाणी उडालेले नकोत, खालचे द्या."

संध्याकाळी भरलेलं टोपलं घेऊन ती घरी आली तेव्हा पुंजाजीनं टोपलं उतरवून घेतलं. जुड्या सोडून त्यानं दोन्ही बकऱ्यांपुढे टाकल्या. उलट्या गाठी सोडवताना मात्र पुटपुटला, "भाजी नेतं, भाजी आनतं. मेथीले नुसती मेहकरची सैर करून आनून राह्यली तू."

"बकऱ्या तं खुश हायेत ना? मंग तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

तिसऱ्या बुधवारी तिनं कांदे नेलेच नाहीत. मिरच्या नाही, लसूण नाही. फक्त हिरवी भाजी आणि घागर. पुंजाजीला हा शुद्ध वेडेपणा वाटला. जे खपतं तेच घरी ठेवायचं म्हणजे काय? सोजराबाईनं लुगड्याचा कासोटा घट्ट करत त्याला समजावलं. "कांदे घेतले का त्याइच्या मनाले वाटते, झालं बाप्पा, हिच्याकडून बी घेतलं, आपन काही वाईट नाही. मंग मेथी कायले घेतीन? मी त्याइले कांद्यावर सुटू देनार नाही."

भाजीवाल्या बायकांची एक रीत आहे. दिवसाचा पहिला सौदा झाला की त्याला भवानी म्हणतात. ते पहिलं नाणं कपाळाला लावायचं, टोपल्याला टेकवायचं, मग दिवस सुरू. भवानी झाली नाही तर दिवस उघडलाच नाही असं धरतात. सोजराबाईच्या हिरव्या भाजीची अशी एकही भवानी झाली नव्हती.

तसं एक गिऱ्हाईक होतं. इंद्रभान मास्तर. प्राथमिक शाळेत शिकवायचा, बौद्धवाड्यातल्याच एका घरचा, नव्या वस्तीत खोली करून राहायचा. तिसऱ्या बुधवारपासून दर आठवड्याला तो ती दोन हातांची गल्ली ओलांडून यायचा आणि एक जुडी न्यायचा. पण सोजराबाई ते नाणं कपाळाला लावायची नाही.

"काऊन बाई, माह्या नाण्यात खोट हाय का?" त्यानं एकदा विचारलं.

"खोट नाही रे बाबा. तू घरचा हाय. घरच्यानं घेतली त्याले भवानी म्हनत नाही, माया म्हनतात."

इंद्रभान शिकलेला होता, त्याला राग लवकर यायचा. त्यानं मामलेदारांकडे द्यायचा अर्ज लिहून आणला. उकंडरावाचं नाव, बाजाराची जागा, कायद्याचं कलम, सगळं त्यात व्यवस्थित होतं. सोजराबाईनं तो त्याच्याकडून वाचून घेतला आणि परत दिला. "खिशात ठेव. मले इथून कोनी उठवलं तं लागीन. कायद्यानं मले बसता येते, ते मी बसली. पन कायदा काही पिशवी घेऊन मेथी घ्यायले येनार नाही."

चौथा बुधवार गेला, पाचवा गेला. अंबूबाईनं एका पोराच्या हाती निरोप धाडला, धुऱ्यावर आणून ठेव, भाव वाढवून देईन. तिला आता दुसऱ्या मळ्यातली मेथी आणावी लागत होती आणि तिची पानं जाड निघत. सोजराबाईनं उलट निरोप दिला, "बुधवारी रांगेत या म्हना, तिथी देतो."

सहाव्या बुधवारी मात्र ती मोडली. लपवून काय उपयोग. परतताना रस्त्यातल्या पुलावर तिनं भरलेलं टोपलं खाली ठेवलं, कठड्यावर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. भाजी गेली नाही याचं ते रडू नव्हतंच. त्या दिवशी एक लहान मुलगी पळत तिच्या टोपल्यापाशी आली होती, सांबाराची काडी तोडून तोंडात घातली होती, आणि तिच्या आईनं तिचं तोंड उघडून बोटानं ती काडी बाहेर काढली होती. ते काही केल्या डोळ्यापुढून हलेना. आपण हे कशासाठी करतोय, कोणी बोलावलंय आपल्याला, असंही तिच्या मनात आलं. रडून झाल्यावर घागरीतलं उरलेलं पाणी तिनं तोंडावर मारलं, थोडं प्यायली, आणि टोपलं उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेथीचा नवा वाफा टाकला.

आठवा बुधवार वैशाखातला.

त्या आठवड्यात नव्या वस्तीची विहीर आटली. तळाशी गाळ आणि त्यात एक बादली. वस्तीतल्या घरांना सकाळी बैलगाडीवर पिपं भरून पाणी यायचं, घरटी दोन हंडे. त्यातलं पाणी भाजीवालीला कोण देणार? तीन वाजता रांग बसली तेव्हा सगळ्यांच्या घागरी कोरड्या होत्या. उकंडरावाकडे चहापुरतं पाणी होतं, त्यावर त्यानं ताट झाकून वर दगड ठेवला होता.

साडेतीनला पालक सुकला. चारला सांबार. अंबूबाईनं मेथीवर गोणपाट टाकलं होतं, पण कोरडं गोणपाट किती वेळ धरणार? ती सारखी कोपरा उचलून बघायची आणि परत झाकायची. दोन हातांची गल्ली सोडून पलीकडे सोजराबाईची मेथी तेवढी हिरवीगार होती. घागर पाऊण भरलेली होती.

पाच वाजता ऊन कललं आणि वस्तीतल्या बायका पिशव्या घेऊन बाहेर पडल्या. अन्नपूर्णाबाई सगळ्यांत पुढे, त्यांच्याकडे पाहुणे जेवायला होते. त्यांनी रांगेवरून नजर टाकली, गोणपाटं उचलून पाहिली. "अहो, काय हे? हे गुरांनाही घालवणार नाही." मग त्यांची नजर शेवटच्या टोपल्यावर गेली. गेली आणि तिथंच थांबली. बाकीच्या बायकाही थांबल्या.

सोजराबाईनं ती नजर पाहिली. आठ बुधवार ज्याची वाट पाहिली ते आता समोर उभं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पाहुणे घरात, बाजारात दुसरी भाजी नाही, आज झक मारून घेतील. पण ती विहीर खणलेली बाई होती, वरचं पाणी कोणतं आणि झऱ्याचं कोणतं हे तिला कळत होतं. आज अडल्या म्हणून घेतील, आणि पुढच्या आठवड्यात विहिरीला पाणी आलं की परत दोन हात सरकतील. वर म्हणतीलही, त्या दिवशी नाइलाज होता. नाइलाजाची भवानी तिला नको होती.

आणि अजून एक होतं. अंबूबाईची मेथी मरत होती. मेथी कोणाचीही असो, ज्यानं वाफा राखलाय त्याला ती डोळ्यांदेखत मरताना बघवत नाही.

सोजराबाई उठली. घागर कमरेवर घेतली, डहाळी हातात घेतली, ती दोन हातांची गल्ली ओलांडली आणि अंबूबाईपुढे जाऊन बसली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "मावशी, भाजी मरून राह्यली. पानी मारू का?"

 उकंडराव दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. अंबूबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या बायकांकडे, मग आपल्या टोपल्याकडे. सकाळपासून उन्हात तिची मान घामानं भिजली होती.  तिनं हात पुढे केला आणि मेथीवरचं गोणपाट काढून बाजूला ठेवलं.

सोजराबाईनं डहाळी घागरीत बुडवली आणि झाडली. परत बुडवली, परत झाडली. पाणी पानांवरून खाली झिरपलं, मातीचा वास आला. ती उठायला लागली तेव्हा अंबूबाई खाली बघत म्हणाली, "इकडच्या जुड्या राह्यल्या व."

मग शेजारच्या बाईनं गोणपाट काढलं. तीच, जी पहिल्यांदा चटका बसल्यासारखी उठली होती. मग तिच्या पलीकडची. सोजराबाई रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, एकेका टोपल्यापुढे बसली, एकेकीला विचारलं. एकीनं मान फिरवली, तिची भाजी तिनं तशीच सोडली. बाकी सगळ्यांची भिजवली. परत आपल्या जागी आली तेव्हा घागरीत दोन ओंजळी पाणी उरलं होतं, ते तिनं आपल्या मेथीवर टाकलं.

उकंडराव म्हणाला, "हे बरं नाही केलं, अंबूबाई."

"मंग तुमचं ताट उचला अन् द्या मले पानी," अंबूबाई म्हणाली. "भाजी माही मरून राह्यली, तुमची नाही." उकंडराव दुकानात गेला.

आता वस्तीतल्या बायकांपुढे मोठी पंचाईत झाली. शेवटचं टोपलं टाळता येत होतं, आख्खी रांग कशी टाळणार? एक जण पिशवी झटकत घरी गेली. बाकीच्या उभ्या राहिल्या. अन्नपूर्णाबाई अंबूबाईपुढे गेल्या, जुडी उचलली, पानं चोळून पाहिली, ठेवून दिली. पानं जाड होती. मग त्या हळूहळू ती गल्ली ओलांडून सोजराबाईपुढे आल्या. वाकल्या. हात पुढे करून पहिल्यांदाच त्यांनी सोजराबाईची जुडी सोजराबाईच्या टोपल्यातून उचलली. नाकाशी नेली. आणि तशाच थबकल्या.

"ही गाठ," त्या म्हणाल्या. "ही उलटी गाठ मी ओळखते. ही सोडवताना माझी नखं मोडलीत. अंबूबाई, ही मेथी तर तुमच्याकडे मिळायची ना? तुमच्या मळ्यातली?"

सोजराबाईनं अंबूबाईकडे पाहिलं. बोलायची पाळी तिची नव्हती.

अंबूबाईनं पदरानं मान पुसली. खोटं बोलायला तिला वेळ लागला नसता, तोंडाची ती पक्की होती. पण तिच्या टोपल्यातून अजून सोजराबाईच्या विहिरीचं पाणी ठिबकत होतं.

"माह्या मळ्यातली नव्हती, बाई," ती म्हणाली. "तिच्याच वावरातली होती. तिच्याच हातची. दोन वर्स तुमी तिचीच मेथी खाऊन राह्यल्या."

कोणीतरी मागं फिसकन हसलं आणि पटकन थांबलं. अन्नपूर्णाबाईंचा चेहरा लाल झाला. जुडी अजून त्यांच्या हातातच होती. ती परत ठेवावी की पिशवीत टाकावी हे त्यांना कळत नव्हतं. दोन वर्षांची जेवणं, सणवार, नैवेद्याची ताटं त्यांच्या डोक्यातून गेली असतील, आणि त्यांचं त्यातलं काहीच बिघडलं नव्हतं.

"दोन जुड्या द्या," शेवटी त्या म्हणाल्या.

"ओली हाय, बाई," सोजराबाई म्हणाली. तिला हे ऐकवायचंच होतं आणि ऐकायचंही होतं.

"असू द्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "ओलीच द्या."

त्यांनी नाणं वरून टाकलं नाही. सोजराबाईच्या ओल्या तळहातावर ठेवलं. सोजराबाईनं ते कपाळाला लावलं, टोपल्याला टेकवलं, आणि मग घागरीच्या काठालाही टेकवलं. घागरीला नाणं लावायची रीत कुठंच नाही. पण ती आज तिनं पाडली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण मागं अजून दोन बायका पिशवी उघडून उभ्या होत्या.

सगळं एका दिवसात बदललं असं नाही. उकंडरावानं तिची भाजी शेवटपर्यंत घेतली नाही. घरी निघून गेलेली ती बाई पुढं कित्येक महिने जुन्या गावातून भाजी आणत राहिली. विहिरीला पाणी आलं त्या बुधवारी सोजराबाई जरा धाकधुकीनंच गेली. पण अंबूबाईनं आपलं टोपलं आधीच त्या दोन हातांच्या गल्लीत मांडून ठेवलं होतं. "सावली संपते इथी," ती कुरकुरली, "अजून सरक इकडे."

त्या आठव्या बुधवारी मात्र सोजराबाई दिवेलागणीला घरी पोचली तेव्हा पुंजाजी बकऱ्यांजवळ बसला होता. दोन्ही बकऱ्या दोर ताणून रस्त्याकडे बघत ओरडत होत्या. बुधवारची संध्याकाळ त्यांना पाठ झाली होती. त्यानं सवयीनं हात पुढे केले. सोजराबाईनं डोक्यावरचं टोपलं उतरवलं आणि त्याच्यापुढे उपडं करून दाखवलं. सुतळीचा एक तुकडा तेवढा खाली पडला.

पुंजाजी टोपल्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "सगळी?"

"सगळी."

बकऱ्या ओरडतच होत्या. सोजराबाईनं घागर खांद्यावर घेतली, विहिरीकडे वळली आणि जाता जाता म्हणाली, "सांग त्याइले. म्हना, आता बुधवारी वाट पाहू नका."